सग्वारो

सग्वारो : निवडुंग (कॅक्टेसी) कुलातील स्तंभासारखी वाढणारी प्रचंड मांसल वनस्पती. शास्त्रीय नाव कार्नेजिया जायगँटिया. ॲरिझोनाचा दक्षिण भाग आणि मेक्सिकोतील सोनोरा राज्य यांवर पसरलेल्या सोनोरन वाळवंटातच ती निसर्गतः वाढते. कॅलिफोर्नियात अगदी तुरळक आढळते. महाराष्ट्रातील माळांवरचा फड्या निवडुंग याच कुलातला आहे. कुंपणाला लावतात तो चिकाळ त्रिधारी निवडुंग मात्र एरंड कुलातला असून त्याचे सग्वारोशी साम्य केवळ वरवरचे आहे.

खोड हिरवे, पर्णहीन, सरळसोट, साधारणपणे 12 मी. पर्यंत उंच, काही झाडे याहूनही उंच होतात. खोडावर उभे कंगोरे असून त्यांच्या धारेवर काट्यांचे झुबके येतात. पावसाळ्यात उथळ, दूरवर पसरलेली मुळे पाणी ओढून घेतात आणि कंगोरे भात्याच्या घड्यांसारखे उलगडून खोड फुगते. अवर्षणात ते पुन्हा आक्रसते. खोडावरील रंध्रे रात्री उघडतात, त्यामुळे बाष्पीभवन कमी होते. पाण्याने भरलेल्या मोठ्या झाडाचे वजन कित्येक टन असते. हा भार आतल्या लाकडी कांबींचा सांगाडा पेलतो.

वाढ कमालीची मंद असते. पहिल्या आठ वर्षांत रोप जेमतेम 2.5 ते 4 सेंमी. होते आणि तेही बहुधा पालो व्हर्दे किंवा मेस्कीट झाडाच्या सावलीत. सग्वारोची ओळख ठरलेल्या, वर वळलेल्या बाहूंसारख्या फांद्या 50 ते 75 वर्षांनी फुटतात. रुक्ष जागी त्यासाठी शंभर वर्षेही लागतात. आयुष्य 150 वर्षांहून अधिक असू शकते.

मे-जूनमध्ये शेंड्यांवर पांढरी, मेणचट फुले रात्री उमलतात व दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मिटतात. वटवाघळे, पारवे व मधमाश्या परागण करतात. लाल गराच्या फळात सुमारे 2,000 बिया असतात. या वाळवंटातील तोहोनो ओओधम आदिवासी लोक वाळलेल्या सग्वारोच्याच कांबींच्या लांब काठीने ही फळे पाडतात आणि त्यांचा पाक व पावसाच्या विधीसाठी मद्य करतात. सुतार पक्ष्यांनी खोडात कोरलेल्या ढोलींत पुढे घुबडे राहतात.

ॲरिझोनातील ट्यूसॉन शहराजवळचे सग्वारो संरक्षित क्षेत्र (1933) 1994 मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. तेथे आज गंभीर धोका आहे तो बफेल गवताचा. भारतात चारा म्हणून मोलाचे असलेले हे अंजन गवत तेथे परके आहे. ते वाळले की वणवा पसरतो, आणि सग्वारोला आग सोसत नाही; म्हणून उद्यानात ते उपटून व तणनाशक फवारून काढले जाते.