झेपत नाही, की सुटत नाही?

मुक्त सॉफ्टवेअरचा विषय निघाला की चर्चा ठरलेल्या वाक्यापाशी येऊन थांबते : ‘सगळं ठीक आहे हो, पण सामान्य माणसाला ते झेपत नाही.’ असं म्हणणारे अडाणी नसतात. संगणक दुरुस्त करणारे म्हणतात, बँकेतले म्हणतात, आणि वीस-वीस वर्षं लिनक्स वापरणारेही म्हणतात. या शेवटच्यांच्या स्वरात तर थोडा अभिमानही असतो.

खंडन करायचं तर पूर्वपक्ष मुद्दाम दुबळा करून मांडू नये. या पक्षाच्या हाती सगळ्यात वजनदार दाखला म्युनिकचा आहे. तिथल्या नगरसभेनं २००३ मध्ये विंडोज सोडून लिनक्सवर जायचं ठरवलं. दहा वर्षांत जवळपास पंधरा हजार संगणक हलवले, आणि २०१७ मध्ये पुन्हा विंडोजकडे वळण्याचा ठरावही केला. पैसा, तंत्रज्ञ आणि वेळ, तिन्ही हाताशी असलेल्या जर्मन शहरात जे टिकलं नाही, ते आपल्याकडे एखाद्या सोसायटीच्या खजिनदाराच्या लॅपटॉपवर कसं टिकणार? दुसरा दाखला आपण सगळ्यांनी पाहिलेला. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपचं नवं गोपनीयता धोरण आलं आणि लोक सिग्नल या मुक्त अ‍ॅपवर धावले. गर्दी इतकी झाली की सिग्नलची सेवाच काही काळ कोलमडली. माझ्या ओळखीतले बहुतेक जण महिन्याभरात निमूट जुन्या ग्रुपांवर परतले.

तिसरा दाखला माझ्याच पदरचा आहे. माझे मामा त्यांच्या सोसायटीचे खजिनदार. त्यांचा लॅपटॉप फार रखडत चालायचा, म्हणून एका रविवारी उत्साहाच्या भरात मी त्यावर थेट लिनक्स चढवलं. चहा होईपर्यंत सगळं छान होतं. मग मामांनी मागच्या वर्षीच्या वार्षिक सभेची सूचना उघडली. पडद्यावर रोमन अक्षरं, कंस आणि टक्क्यांची चिन्हं यांची भेळ. “माझी सूचना कुठे गेली रे?” एवढंच ते म्हणाले. प्रिंटरही चालेना. रात्री अकरा वाजता मी त्यांचं विंडोज परत घालून दिलं आणि मामींनी कांदेपोहे पुढे केले ते न बोलता.

म्हणजे पूर्वपक्ष सिद्ध झाला? मलाही काही दिवस तसंच वाटलं. पण त्या भेळेकडे जरा जवळून बघू. मामांची सूचना एका जुन्या, परवान्याच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली होती. अशा फॉन्टमध्ये संगणकाच्या लेखी मराठी नसतंच. आत साठवलेली असतात रोमन अक्षरं, आणि त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवलेला असतो. ‘वार्षिक’ या शब्दातलं ‘र्षि’च घ्या. त्या पद्धतीत दिसतं तसं ठेवतात : आधी वेलांटी, मग ष, मग वरचा रफार. युनिकोड या सर्वमान्य संकेतपद्धतीत उच्चाराचा क्रम असतो : र, हलन्त, ष, आणि मग वेलांटी. मुखवटा काढला की खाली मराठी उरत नाही, म्हणून भेळ. हे लिनक्समुळे झालं नाही. दुसऱ्या विंडोजवर तो फॉन्ट नसता तर हीच भेळ झाली असती. आणि देवनागरी तर १९९१ मध्येच युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत होती.

इथे पूर्वपक्षाचा हेतू लंगडा पडतो. ‘माणसं परत येतात, म्हणून नवं अवघड’ हे अनुमान न्यायशास्त्राच्या भाषेत सव्यभिचार आहे, कारण नवं सोपं असतानाही माणसं परत येतात. डिपॉझिट अडकलं म्हणून भाडेकरू जुन्या खोलीत परतला तर नवी खोली वाईट ठरत नाही. शिकण्याचा त्रास वेगळा आणि सुटण्याचा खर्च वेगळा. मामांना नवं झेपलं नाही असं नव्हतं. जुनं सुटत नव्हतं. ती गाठ पंधरा वर्षांपूर्वी पहिली सूचना टाइप केली तेव्हाच बसली होती. व्हॉट्सअ‍ॅपचंही तेच. सिग्नल वापरायला काय अवघड आहे? पण भिशीचा ग्रुप, शाळेचा ग्रुप, दूधवाला, सगळे पलीकडे राहतात.

मग म्युनिकचं काय? म्युनिकशेजारी फ्रान्सचं जांदार्मरी दल ठेवून बघावं. गावोगावी पोलिसांचं काम करणारं हे दल. तिथले शिपाई संगणकतज्ज्ञ नव्हेत. त्यांनी २००५ च्या सुमारास आधी फक्त ऑफिसचं सॉफ्टवेअर बदललं, विंडोज तसंच ठेवून. मग ब्राउझर आणि ईमेल. ही साधनं अंगवळणी पडल्यावर २००८ पासून खालचं विंडोज काढून उबुंटू हे लिनक्स घालायला सुरुवात केली. वर दिसणारे प्रोग्राम तेच राहिल्यामुळे शिपायाच्या दृष्टीनं बदललं फारच थोडं. आज त्यांचे हजारो संगणक लिनक्सवर चालतात. एकट्या म्युनिकच्या बळावर ‘झेपत नाही’ असं म्हणता येणार नाही, हे एवढ्यावरून स्पष्ट व्हावं. पाया शेवटी बदलायचा. मी तो पहिल्या रविवारीच उपटला होता.

म्हणून पूर्वपक्षाइतकाच दोष मी आपल्या बाजूच्या कर्मठांनाही देतो. नवशिक्याला एका बैठकीत गूगल सोड, विंडोज सोड, व्हॉट्सअ‍ॅप सोड म्हणून सांगणं म्हणजे आयुष्यात कधी उपास न केलेल्याला थेट निर्जळी एकादशी. त्यात ‘मुक्त म्हणजे खासगी’ हे समीकरणही त्यांनीच पसरवलं. ते खरं नाही. क्रोमचा गाभा असलेला क्रोमियम मुक्त आहे, अँड्रॉइडचा पायाही मुक्त आहे. म्हणून त्यांच्यावर उभ्या राहिलेल्या सेवा आपल्यामागे हिंडायच्या थांबत नाहीत. फायरफॉक्सच्या उत्पन्नाचा मोठा भाग गूगलशी असलेल्या करारातून येतो. सिग्नल नोंदणीला मोबाइल नंबर मागतं. कोड उघडा असला की तपासता येतो, एवढीच हमी. बाकीचं साधनागणिक बघावं लागतं.

‘माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही’ हा उपपक्षही थोडक्यात निकालात काढू. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला, तो कुणाला काही लपवायचं होतं म्हणून नव्हे. पण मामांना कायद्यानं पटलं नाही, यादीनं पटलं. हप्त्यांची आठवण करून देणाऱ्या एका फुकट अ‍ॅपला त्यांनी संपर्कयादीची परवानगी देऊन टाकली होती. त्या यादीत सोसायटीतल्या सगळ्या घरांचे नंबर होते, आणि नावापुढे कंसात ‘थकबाकी’, ‘मुलगा अमेरिकेत’, ‘एकट्या राहतात’. “हे माझं कुठंय रे, हे तर त्यांचं,” मामा म्हणाले आणि त्यांनी स्वतः ती परवानगी काढली.

दुसऱ्या खेपेला मी उलट्या टोकानं गेलो. मामांच्या लॅपटॉपवर व्हीएलसी आधीपासून होतंच. १९९६ मध्ये पॅरिसजवळच्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या प्रकल्पातून आलेलं हे मुक्त सॉफ्टवेअर त्यांनी कित्येक वर्षं भजनं ऐकायला वापरलं होतं. म्हणजे झेपत होतंच, नाव ठाऊक नव्हतं. विंडोजला हात न लावता फायरफॉक्स घातलं, त्यात यूब्लॉक ओरिजिन. रेल्वेची वेळ बघताना उडणाऱ्या जाहिराती गेल्या, आणि माझ्या कुठल्याही व्याख्यानापेक्षा त्यानं जास्त काम केलं. मग लिब्रेऑफिस. त्यासाठी मी शिकवायला बसलो नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरिअल प्रकल्पाचे दहा-दहा मिनिटांचे मराठी धडे आहेत, ते मामा थांबवत थांबवत बघतात. जुन्या सूचनांपैकी लागतील तेवढ्याच युनिकोडमध्ये आणल्या. रूपांतरात रफार हटकून चुकतात, ते हातानं सुधारले. नव्या सूचना मुक्त परवान्याच्या फॉन्टमध्ये, म्हणजे मुंबईच्या एक टाइपनं केलेल्या ‘मुक्ता’मध्ये. इनस्क्रिप्ट कळफलकाला तीन आठवडे लागले, आणि त्यात मामांनी मला दोनदा फोनवर झापलं.

व्हॉट्सअ‍ॅप आहेच. सोसायटीचा ग्रुप हलणार नाही आणि हलवायचा आग्रहही नाही. तिथले संदेश सिग्नलच्याच तंत्रानं कुलूपबंद असतात, उघडं राहतं ते कोण कुणाशी कधी बोललं हे. आम्ही पाच भाचे, मामा आणि मामी एवढेच सिग्नलवर आहोत. सात माणसांसाठी कुणाची मनधरणी करावी लागली नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. मामांचा लॅपटॉप ११ च्या अटींत बसत नाही. परवा त्यांनीच विचारलं, “ते तुझं लिनक्स आता घालायचं का?” मी म्हटलं, आधी पेनड्राइव्हवरून चालू करून बघू, त्या प्रिंटरचं काय ते कळू दे.