ओवरी आणि आर्केड

तुळजापूरला भवानीच्या देवळाच्या प्राकारात ओवऱ्या आहेत. वर्गात ‘आर्केड’ हा शब्द आला की हाच प्रतिशब्द सहज सुचतो. दोन्ही शब्दांची कुळे मात्र निराळी आहेत.

‘आर्केड’च्या मुळाशी लॅटिन ‘आर्कस’, म्हणजे धनुष्य, कमान. कमानींच्या रांगेखाली दुकाने आली आणि शब्द बाजाराचा झाला. पुढे नाण्यांवर चालणाऱ्या खेळांचाही झाला. पॅरिसमधील अशा छपराच्या बाजारांवर लिहिताना वॉल्टर बेंजामिनने ‘पासाझन’ हा जर्मन शब्द योजला, म्हणजे जाण्यायेण्याच्या वाटा. १९९९च्या इंग्रजी अनुवादात त्यांच्या ‘आर्केड’ झाल्या.

‘ओवरी’ आली संस्कृत ‘अपवरक’पासून, अर्थ, आतली खोली. नाशिकच्या पांडवलेण्यांत नहपानाची कन्या दक्षमित्रा हिच्या दानलेखात प्राकृत ‘ओवरक’ कोरलेला आहे. तिने दान दिली ती भिक्षूंच्या निवासाची खोली.

एक शब्द आकार सांगतो, दुसरा चालणे, तिसरा मुक्काम. ओवरीला कमान असो वा नसो, तिथे पाठ टेकणाऱ्या यात्रेकरूच्या लेखी ती ओवरीच. म्हणून ‘आर्केड’साठी ‘ओवरी’ लिहिताना केवळ कमान हरवत नाही; बेंजामिनच्या बाजारात एक बिऱ्हाड येऊन उतरते. अनुवादकाने ते जाणूनच उतरवावे.