भूमितीच्या वाटेनं राज्यशास्त्र

दोन-चार गृहीतकं मान्य करायची आणि त्यांतून एकेक प्रमेय सिद्ध करत जायचं, ही भूमितीची रीत आपण वर्गात शिकतो, शिकवतो. राज्यकारभाराबद्दलही असं करता येईल का? जेम्स मिल यांना येईल असं वाटत होतं.

गृहीतक त्यांनी जेरेमी बेंथम यांच्याकडून घेतलं. माणूस सुख शोधतो आणि दुःख टाळतो. त्याच्या सगळ्या वागण्याच्या मुळाशी एवढंच असतं, असं बेंथम यांनी १७८९ सालच्या ग्रंथात मांडलं होतं. १८२० साली एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाच्या पुरवणीत शासनसंस्थेवर लिहिताना मिल यांनी पुढची पायरी गाठली. हाती सत्ता आली, की माणूस ती स्वतःच्या सुखासाठी वापरणार, दुसऱ्याचं हिरावून घेणार. राजा असो की सरदार, अपवाद नाही. म्हणून लोकप्रतिनिधींचा अंकुश हवा. तेव्हा इंग्लंडमध्ये मताचा हक्क मूठभरांनाच होता, हे लक्षात घेतलं तर या सिद्धतेतलं धाडस कळतं.

पण ज्यांचं हित दुसऱ्याच्या हितात सामावलेलं आहे, त्यांना मत नसलं तरी चालेल, असंही मिल म्हणतात. आणि स्त्रियांचं हित म्हणे वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या हितात सामावलेलं असतं! राजाला लागू पडणारा नियम घराच्या उंबऱ्याशी येऊन थांबतो. विल्यम थॉम्प्सन यांनी ॲना व्हीलर यांच्या मदतीनं १८२५ साली या एका मुद्द्याविरुद्ध अख्खं पुस्तक लिहिलं.

१८२९ साली मेकॉले यांनी (हेच ते, १८३५च्या शिक्षणविषयक टिपणामुळे आपल्या परिचयाचे) ही विसंगती तर दाखवलीच, शिवाय पद्धतीवरच बोट ठेवलं. स्वभावाच्या एका नियमातून शासन सिद्ध होत नाही. इतिहासातली उदाहरणं तपासा, मग सावकाश अनुमान काढा. मेकॉले यांना सर्वांना मत द्यायचं नव्हतं हे खरं, पण तेवढ्यानं आक्षेप खोटा ठरत नाही.

या वादानं मिल यांचे चिरंजीव जॉन स्टुअर्ट यांना विचारात पाडलं. १८४३ सालच्या तर्कशास्त्रावरच्या ग्रंथात त्यांनी दोन्ही पद्धती अपुऱ्या ठरवल्या. भूमितीत एक नियम दुसऱ्याला अडवत नाही. समाजात स्वार्थ, सवय, माया, भीती माणसाला एकाच वेळी वेगवेगळ्या दिशांना ओढतात. आणि नुसती उदाहरणं गोळा करूनही भागत नाही, कारण बाकी सगळं तसंच ठेवून एकच घटक बदलण्याची सोय समाजात नसते. प्रयोगशाळेत वावरणाऱ्या आम्हां मंडळींना हे चटकन पटतं. तेव्हा अनेक कारणांचा एकत्रित परिणाम आधी तर्कानं काढायचा आणि तो अनुभवाशी ताडून पाहायचा, असं त्यांनी सुचवलं.

स्त्रियांबद्दलचं वडिलांचं गणित मात्र त्यांना मान्य नव्हतं. २० मे १८६७ रोजी, खासदार असताना, मताधिकाराच्या विधेयकातल्या 'पुरुष' या शब्दाऐवजी 'व्यक्ती' असा शब्द घालावा, अशी दुरुस्ती त्यांनी मांडली. बाजूनं ७३ मतं पडली, विरुद्ध १९६.