संस्कृत, फारसी आणि अकरावीचा अर्ज

पनवेलमध्ये दहावीचा निकाल लागला की आमच्याकडे पालक येतात. मुलगा किंवा मुलगी शेजारी गप्प बसलेली. प्रश्न ठरलेला, "सर, सायन्स घेतलं की सगळे मार्ग मोकळे राहतात ना?" आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, आम्हांला हे का विचारतात कोण जाणे! पण उत्तर देताना आम्हांला एक जुनी हकीकत आठवते.

मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात भीमराव आंबेडकर शिकत होते. त्यांना संस्कृत घ्यायचं होतं. अस्पृश्य मुलाला संस्कृत शिकवायला शिक्षक तयार नव्हते, म्हणून फारसी घ्यावी लागली. १९०७ साली ते मॅट्रिक झाले, १९१२ साली बी.ए. झाले, तिथंही फारसीच. पुढचं कोलंबिया, लंडन आपल्याला पाठ आहे, त्यामुळे वाटतं, चला, काही अडलं नाही. पण अडलं. १९४६ साली 'शूद्र मूळचे कोण' या प्रश्नावर त्यांचा इंग्रजी ग्रंथ निघाला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी कबूल केलं, की संस्कृतवर आपलं प्रभुत्व नाही. मात्र इंग्रजी भाषांतरांतून पंधरा वर्षं हे साहित्य अभ्यासलं आहे आणि तेवढं पुरेसं आहे. म्हणजे बघा, शाळेत नाकारलेल्या विषयाचा खुलासा एवढ्या मोठ्या विद्वानाला वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी करावा लागला.

ही काही 'निवड' नव्हती. निवड दुसऱ्यानंच करून टाकली होती.

आमच्या वेळी अकरावी मॅट्रिक होती. बीजगणित-भूमिती घ्यायची की नुसतं अंकगणित, हे शाळेतच ठरायचं. आमच्याबरोबरच्या कितीतरी मुलींच्या नावापुढं अंकगणित आणि शरीरशास्त्र-आरोग्यशास्त्र लागलं. 'मुलीला काय करायचंय भूमिती?' एवढ्यावर विषय संपला. त्यांतल्या काही जणी आमच्यापेक्षा हुशार होत्या, हे आम्ही आज उघड सांगतो. १९७५ साली नव्या पद्धतीची दहावी आली, तेव्हा वाटलं होतं हे थांबेल. पण नंतरही काही वर्षं दहावीला 'सामान्य गणित' हा सोपा पर्याय होताच, आणि तो घेतलेल्यांना विज्ञान शाखेची वाट अवघड होऊन बसायची. फॉर्म भरताना हे किती घरांत कुणी सांगितलं असेल?

तेव्हा पालकांना आम्ही एवढंच म्हणतो, की कोणता विषय मागाहून एकट्यानं शिकता येतो, ते आधी पाहा. इतिहास, तत्त्वज्ञान माणूस चाळिशीतही वाचू शकतो. (आमचाच विषय आम्ही स्वस्त करतोय, पण खरं तेच आहे.) गणिताची पायरी सुटली की परत चढणं फार जड जातं. विज्ञानाकडून कलेकडं येता येतं, उलटं जवळजवळ नाहीच. नियमही बदलत असतात. २०२३ पासून बारावीनंतर जीवशास्त्र जादा विषय म्हणून देऊनही वैद्यकीय प्रवेश परीक्षेला बसता येतं. पण सगळंच मोकळं ठेवायचं म्हणून गणित आणि जीवशास्त्र दोन्ही, वर क्लास, असं ओझं लादलेली मुलं आम्ही बारावीत कोमेजलेली पाहिली आहेत.

आणि हो, शेजारी गप्प बसलेल्या त्या मुलालाही आम्ही विचारतो. परवा एकजण म्हणाला, "मला भूगोल आवडतो." आईवडील त्याच्याकडं बघतच राहिले.