पुरात गेलेली दुनळी

जुन्नर तालुक्यात माझा आतेभाऊ शेती करतो. मागच्या हिवाळ्यात त्याचा फोन आला. म्हणाला, “भाईजान, बंदूक घ्यावी म्हणतो. एकनळी घेऊ की दुनळी?” मी बी.ए. इतिहासात केलेलं, आयुष्यभर कविता लिहिलेल्या. आयुष्यात पतंगाची दोरीसुद्धा मी दुसऱ्याच्या हाती दिलेली. हा प्रश्न मला का? तर घराण्यातल्या एकुलत्या एका बंदुकीचा परवाना माझ्या ट्रंकेत आहे. बंदूक नाही, फक्त परवाना. त्याची हकीकत पुढे येईलच.

घराच्या रक्षणासाठी हत्यार हवं, हा विचार पुण्याला नवा नाही. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा पाहा. हत्तीनं धडक देऊ नये म्हणून त्यावर टोकदार खिळे ठोकलेत, तटात बंदुका रोखायला जंग्या ठेवल्यात. एवढा बंदोबस्त असलेल्या या वाड्यात 30 ऑगस्ट 1773 रोजी नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तो पगारी गारद्यांच्या हातून. हत्यारबंद माणसं आतलीच होती.

पेशवाईनंतरही गावोगाव पाटलाकडे, रामोशाकडे, शिकाऱ्याकडे ठासणीच्या बंदुका असत. नळीत वरून दारू भरायची, छर्रे घालायचे, गजानं ठासायचं. 1857 च्या उठावाचा इंग्रजांनी धसका घेतला आणि लोकांकडची हत्यारं काढून घ्यायला सुरुवात केली. पुढे 1878 मध्ये व्हाइसरॉय लिटनच्या कारकिर्दीत शस्त्र कायदा आला. हिंदी माणसाला बंदुकीसाठी परवाना लागू लागला, गोऱ्याला माफी. रानडुक्कर मात्र काळ्या-गोऱ्याच्या शेतात सारखंच शिरत होतं. गंमत म्हणजे पुण्याच्या शेजारी खडकीला 1869 पासून दारूगोळ्याचा कारखाना चालू होता. काडतुसं इथली, ती बाळगायची मुभा दुसऱ्याला.

कायद्याला वर्षही झालं नव्हतं, तोच 1879 च्या सुरुवातीला पुण्यातल्या लष्करी हिशेब खात्यातला एक कारकून, वासुदेव बळवंत फडके, रामोश्यांना घेऊन सरकारविरुद्ध उभा राहिला. 22 जून 1897 च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. परवान्याच्या कायद्यानं ना फडके अडले, ना चापेकर. अडला तो सरळमार्गी शेतकरी, असं माझं मत आहे. काँग्रेसनं सुरुवातीच्या अधिवेशनांपासून या कायद्याविरुद्ध तक्रार केली. 1931 च्या कराची अधिवेशनातल्या मूलभूत हक्कांच्या ठरावात तर नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता. राज्यघटनेत मात्र तो हक्क आला नाही. कलम 19 मध्ये शस्त्राचा उल्लेख आहे, पण तो शांततेनं आणि शस्त्रांविना एकत्र जमण्याच्या हक्कात. फाळणीचं रक्त पाहिलेल्या माणसांनी तो मसुदा केला होता, हे विसरून चालणार नाही.

आता आमची बंदूक. आजोबांना आम्ही दादामियाँ म्हणायचो. घर कसब्यात, नदीच्या अंगाला, शेत जुन्नरकडे. डुकरं भुईमूग उकरायची, म्हणून 1950 नंतर केव्हातरी त्यांनी परवाना काढला. तेव्हाही कायदा 1878 चाच होता. बंदूक निवडताना त्यांनी महिनाभर घोळ घातल्याचं अब्बा सांगायचे. एकनळी हलकी, स्वस्त. पण एक बार झाला की काडतूस बदलेपर्यंत जनावर अंगावर. दुनळीत दुसरा बार तयार. बोर बारा ठरला. बारा बोर म्हणजे नळीत बसतील अशा शिशाच्या बारा गोळ्यांचं वजन एक पौंड. हे माप मला फार आवडतं, तराजूवरून आलेलं. बारीक छर्रे पाखरासाठी, मोठे एल.जी. डुकरासाठी. शेवटी त्यांनी जुनी, बाहेर घोडे असलेली दुनळी घेतली. कारण विचारलं की म्हणत, “घोडा चढलाय की उतरलाय, ते घरातल्या पोरालाही लांबून दिसलं पाहिजे.” घरात बंदूक ठेवण्याबद्दल याहून शहाणं वाक्य मी ऐकलेलं नाही.

पण परवान्यावर पत्ता पुण्याचा. त्यामुळे बंदूक कसब्यातल्या कपाटात आणि डुकरं जुन्नरला! दिवाळीला एकदा तिकडे नेली, दोन बार हवेत काढले, एवढाच तिचा पराक्रम.

12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला. आमच्या लोकांनी मुलंबाळं, कुराणशरीफ आणि कागदांची ट्रंक घेऊन उंच जागा गाठली. पाणी ओसरल्यावर पाहिलं तर मागची भिंत, कपाट आणि दुनळी, तिन्ही गायब. परवाना ट्रंकेत कोरडा ठणठणीत!

दादामियाँनी लगेच वर्दी दिली. कचेरीतून विचारणा झाली, “पुरात गेली, याला पुरावा काय?” घरात हा विनोद पुढे वर्षानुवर्षं चालला, पण तेव्हा कुणी हसलं नव्हतं. नाव मुसलमानाचं आणि हरवलेली चीज बंदूक. 1965 च्या लढाईच्या दिवसांत एक गृहस्थ चौकशीला आले. सभ्य होते, चहाही घेतला. जाताना मात्र कपाट होतं त्या कोपऱ्याकडे पाहून विचारलं, “नक्की गेलीच ना?” त्या रात्री आजी झोपली नाही. घर राखायला आणलेल्या वस्तूनं, ती घरात नसतानाही, घराची झोप घेतली.

आतेभावाला मी हे सगळं सांगितलं आणि कायदाही. 1959 चा शस्त्र कायदा 1 ऑक्टोबर 1962 पासून लागू झाला. त्यात पीकरक्षणासाठी मुळात ठासणीच्या बंदुकीचाच विचार आहे. ती पुरेशी नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर दुसरी. त्याच्या गावाला परवाना जिल्हाधिकारी देणार. पण त्याची अडचण डुकराची नाही, उसातल्या बिबट्याची आहे. 1972 च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना जनावर मेलं तर तो गुन्हा नाही. शेळी नेली म्हणून मारलं, तर आहे. 2001 ते 2003 मध्ये जुन्नर भागात माणसांवर हल्ले वाढले. बिबटे पकडून दुसरीकडे सोडल्यानं त्रास कमी न होता वाढतो, असं विद्या अत्रेय यांच्या अभ्यासातून दिसलं. 2025 च्या नोव्हेंबरात शिरूरच्या पिंपरखेडला एका बिबट्याला गोळी घालावी लागली, ती वनखात्याच्या नेमबाजांनी.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “भाईजान, तुम्ही पुण्यात बसून बोलता. उसाला रात्रीची वीज असते, पाणी धरायला मी जातो.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. खाली वाकलेल्या माणसाच्या पाठीवर जे जनावर येतं, त्याला घरच्या कपाटातली दुनळी काय करणार, हे म्हणायचं होतं, म्हटलं नाही.

शेळ्यांचा गोठा त्यानं वरून-खालून जाळीनं बंद केलाय. अंगणात दिवा लावलाय. अर्ज अजून केलेला नाही, फाडलेलाही नाही. मुलगी क्लासहून सातला सुटते. तिला आणायला तो ट्रॅक्टर घेऊन जातो, सगळे दिवे लावून, रेडिओ मोठा करून.