निरोप एकाला, काम दुसऱ्याला : उंदराच्या गर्भाशयाची गोष्ट

मंडळी, परभणीत बोलतोय, तर सुरुवात गोठ्यातूनच करू. लाल कंधारी गाय माजावर आली की हंबरते, चाऱ्यावरून तिचं लक्ष उडतं आणि निरणातून काचेसारखा सोट लोंबतो. डॉक्टर हात घालून तपासतात तेव्हा गर्भाशय ताठर लागतं. सोट आणि ताठरपणा, दोन्हींमागे इस्ट्रोजेन हे एकच संप्रेरक. पण सोट तयार करतात गर्भाशयमुखाच्या पेशी, आणि ताठरपणा असतो स्नायूंचा. निरोप एकच, मग प्रत्येक पेशी त्याचा वेगळा अर्थ का लावते? हे कळायला पाऊणशे वर्षं गेली, आणि ते कळलं उंदरांमुळे.

उंदीरच का? मादीचं चक्र चार-पाच दिवसांत पुरं होतं. गाईला एकवीस दिवस लागतात, तेवढ्यात इथे चार वेळा पाहून होतं. 1923 साली अमेरिकेत एडगर ॲलन आणि एडवर्ड डॉइझी यांनी डुकरिणीच्या अंडाशयातला द्रव घेतला आणि अंडाशय काढलेल्या उंदरांना टोचला. त्या माद्या पुन्हा माजावर आल्या. म्हणजे माजाचं कारण रक्तातून फिरणारं एक द्रव्य होतं. पुढे डॉइझींच्या गटाने तेच शुद्ध रूपात मिळवायचं ठरवलं. सुमारे चार टन अंडाशयांतून हाती आलं जेमतेम बारा मिलिग्रॅम इस्ट्राडायोल. चिमूटभरसुद्धा नाही!

मग गर्भाशयाचा तराजू झाला. औषधात इस्ट्रोजेनचा गुण आहे का? पिल्लू-उंदराला द्या, गर्भाशय काढा, वजन करा. 1938 मध्ये ॲस्टवुड यांनी दाखवलं की सहा तासांतच गर्भाशय पाणी शोषून जड होतं. पेशी वाढून येणारं वजन नंतरचं. वजनाची चाचणी आजही चालते, 2007 साली तिला आंतरराष्ट्रीय नियमावलीत जागा मिळाली. चाचणी उपयोगी आहे, पण तराजूला अस्तर, आधार-ऊती आणि स्नायू यांतला फरक कळत नाही. त्याच्या लेखी ती एक पिशवी.

आणि हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. ‘पिशवीचा त्रास आहे, काढून टाका’ हे मराठवाड्यातल्या किती घरांत ऐकू येतं. 2019 साली शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गेला, सरकारला समिती नेमावी लागली. त्यामागे मजुरी, उचल, खाडा अशी बरीच कारणं आहेत. सगळा दोष एका शब्दावर टाकणं बरोबर नाही. पण मूल झालं की रिकामी झालेली पिशवी, ही समजूत त्यात आहेच.

असो. शिकागोत एल्वूड जेन्सन यांनी 1950 च्या दशकाच्या अखेरीस किरणोत्सर्गी खूण लावलेलं इस्ट्राडायोल पिल्लू-उंदरांना दिलं. रक्तातून ते सगळीकडे पोचलं, पण गर्भाशयाने आणि योनीने ते धरून ठेवलं. इतर बऱ्याच अवयवांतून लवकर निघून गेलं. धरून ठेवणारं काहीतरी त्या पेशींत होतं. तेच इस्ट्रोजेनचं ग्राहीप्रथिन.

मग सगळ्यांनी सरळ हिशेब केला : अस्तराच्या पेशींत ग्राही आहे, इस्ट्रोजेन दिलं की त्याच पेशी भराभर विभागतात, तर हुकूम थेट त्यांनाच मिळत असणार. आम्हीही विद्यार्थी असताना उत्तरपत्रिकेत हेच लिहिलं होतं आणि गुणही मिळवले होते.

हा हिशेब 1997 मध्ये चुकला. पॉल कुक, जेराल्ड कुन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडे इस्ट्रोजेनचा मुख्य ग्राही नसलेले उंदीर होते. त्यांनी नवजात पिल्लांच्या गर्भाशयाचं अस्तर आणि त्याखालची आधार-ऊती वेगवेगळी केली, आणि अदलाबदल करून जोडली. एकाचं अस्तर, दुसऱ्याची आधार-ऊती. हे जोड दुसऱ्या उंदरांच्या मूत्रपिंडाच्या आवरणाखाली वाढवले. मग इस्ट्रोजेन दिलं. ग्राही नसलेलं अस्तर, पण खाली ग्राही असलेली आधार-ऊती : अस्तर वाढलं. ग्राही असलेलं अस्तर, पण खालची ऊती बहिरी : अस्तर ढिम्म. म्हणजे विभागणीचा हुकूम ऐकते खालची आधार-ऊती, आणि ती वाढीची द्रव्यं सोडून वरच्या पेशींना कामाला लावते. अस्तराचा स्वतःचा ग्राही बिनकामाचा नाही, बरं का. स्राव तयार करायचे तर तो लागतोच.

प्रोजेस्टेरॉनचा ब्रेकही तसाच खालून लागतो. 2011 साली इलिनॉय विद्यापीठातल्या इंद्राणी बागची यांच्या गटाने दाखवलं की ते आधार-ऊतीत हँड-2 नावाचं प्रथिन वाढवतं. त्याने वाढीची द्रव्यं दबतात, मग वरचं अस्तर विभागणं थांबवून गर्भ रुजवून घ्यायला तयार होतं.

पेशींचा हा वेगवेगळा कान औषधांतही दिसतो. स्तनाच्या कर्करोगावरचं टॅमॉक्सिफेन स्तनात इस्ट्रोजेनला अडवतं, पण गर्भाशयाच्या अस्तराला उलट वाढवू शकतं. म्हणून पाळी गेल्यावर हे औषध घेणाऱ्या बाईला अंगावर जाऊ लागलं, तर ते अंगावर काढायचं नसतं. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने नित्या आनंद यांच्या काळात सेंटक्रोमॅन शोधलं. तेही इस्ट्रोजेनच्याच ग्राहीवर बसतं, पण गर्भाशयात त्याला अडवतं, आणि गर्भ रुजत नाही. आधी ते उंदरांवर तपासलं गेलं. 1991 मध्ये ‘सहेली’ म्हणून बाजारात आलं. आज उपकेंद्रात ‘छाया’ नावाने मिळतं. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. तुमच्या गावच्या आशाताईंकडे ते पाकीट असेल, विचारून बघा.