अतिशीत प्रदेशातील कॅमेरा ट्रॅप : बॅटरीची निवड कशी करावी?

नवी दिल्ली : देशातील पहिल्या हिम बिबट्या गणनेचा अहवाल जानेवारी 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार भारतात 718 हिम बिबटे असून त्यांपैकी 477 लडाखमध्ये आहेत. भारतीय वन्यजीव संस्थेच्या समन्वयाने 2019 ते 2023 या काळात झालेल्या या गणनेसाठी 1,971 ठिकाणी कॅमेरा ट्रॅप लावण्यात आले होते. अशा सर्वेक्षणाचे यश बऱ्याच अंशी कॅमेऱ्यातील बॅटरीवर अवलंबून असते.

अंगावरील ठिपक्यांच्या रचनेवरून प्रत्येक हिम बिबट्याची ओळख पटवली जाते आणि कॅमेरा किती रात्री सुरू होता हे लक्षात घेऊन संख्येचा अंदाज बांधला जातो. बॅटरी निकामी होऊन कॅमेरा बंद पडला, तर छायाचित्र नसण्याचा अर्थ ‘प्राणी नाही’ असा लावता येत नाही. शिवाय हिवाळ्यात खिंडी बर्फाने बंद झाल्यावर तेथे पुन्हा पोहोचणे अनेकदा अशक्य असते.

थंडीचा परिणाम

बॅटरीतील वीज रासायनिक क्रियेतून निर्माण होते. तापमान घटले की ही क्रिया मंदावते आणि बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो. कॅमेरा ट्रॅप एरवी अत्यल्प वीज घेतो. मात्र रात्री अवरक्त फ्लॅश पेटताना त्याला एकदम मोठा प्रवाह लागतो. त्या क्षणी व्होल्टेज कोसळले की कॅमेरा बंद पडतो. त्यामुळे दिवसाची छायाचित्रे येतात, पण रात्रीची येत नाहीत. ऊब मिळताच तीच बॅटरी पुन्हा चालू लागते. म्हणूनच वेष्टनावरील क्षमतेपेक्षा थंडीत टिकणारे व्होल्टेज महत्त्वाचे ठरते.

उपलब्ध पर्याय

अल्कलाइन : हे पेन्सिल सेल स्वस्त असतात व सर्वत्र मिळतात. त्यांतील विद्युत-अपघटनी द्रावण पाण्यावर आधारित असल्याने त्यांची कार्यमर्यादा साधारणपणे उणे 18 अंश सेल्सिअसपर्यंत असते. त्याआधीच त्यांची कामगिरी खालावते.

निकेल-मेटल हायड्राइड : पुन्हा चार्ज होणारे हे सेल मोठा प्रवाह चांगला देतात. मात्र त्यांचे व्होल्टेज 1.2 असल्याने काही कॅमेरे त्यांना अर्धवट रिकामे समजतात. नियमित भेट शक्य असेल तेथे ते परवडतात.

लिथियम-आयर्न डायसल्फाइड : एकदाच वापरायच्या या 1.5 व्होल्टच्या सेलमध्ये पाणी नसते. त्यांची कार्यमर्यादा उणे 40 अंशांपर्यंत असते. एका सेलचे वजन सुमारे 15 ग्रॅम, तर अल्कलाइनचे सुमारे 23 ग्रॅम भरते. प्रत्येकी आठ सेल लागणाऱ्या 40 कॅमेऱ्यांसाठी पाठीवरचे ओझे सुमारे अडीच किलोने घटते. किंमत जास्त असली, तरी दुर्गम जागी एक फेरी वाचली तरी खर्च भरून निघतो.

सौर पॅनेल व बाह्य बॅटरी : लिथियम-आयन बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज केल्यास आत धातुरूप लिथियम साचून तिची कायमची हानी होते. त्यामुळे थंडीत चार्जिंग थांबवणारी यंत्रणा आवश्यक आहे. शिसे-आम्ल बॅटरी जड असते आणि उतरल्यावर गोठू शकते.

घ्यावयाची काळजी

‘लिथियम’ हा शब्द पाहून खरेदी करू नये. पेन्सिल सेलच्याच आकाराचे 3.7 व्होल्टचे रिचार्जेबल सेलही मिळतात. ते या कॅमेऱ्यात घातल्यास कॅमेरा जळू शकतो. जुने-नवे किंवा भिन्न प्रकारचे सेल एकत्र वापरू नयेत. कॅमेऱ्यात सोय असल्यास बॅटरीचा प्रकार निवडावा. लिथियम सेलचे व्होल्टेज अखेरपर्यंत जवळपास स्थिर राहते, त्यामुळे निर्देशक ‘पूर्ण’ दाखवत असतानाही तो संपत आलेला असू शकतो. म्हणून हिवाळ्यापूर्वी सर्व सेल एकदम बदलणे श्रेयस्कर. विमानप्रवासात सुटे लिथियम सेल हातातील सामानातच न्यावे लागतात.

वापरलेले सेल डोंगरात न टाकता परत आणावेत. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, 2022 नुसार ते घरगुती कचऱ्यापासून वेगळे ठेवून संकलन वा पुनर्चक्रीकरण केंद्राकडे सोपवणे ही वापरकर्त्याची जबाबदारी आहे.